लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा

वैजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेने काही वर्षांपूर्वी स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले. त्या कामात आम्ही काही जण मदतीला होतो. हल्ली संकेतस्थळाची पाने कोणी एकेक करून हाताने रचत नाही. मजकूर लिहायचा, चित्र जोडायचे आणि बटण दाबायचे, की पान तयार. अशी तयार यंत्रणा मिळते. तिला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. आपण तिला 'आशय-यंत्रणा' म्हणू. शाळेच्या या यंत्रणेत शिरण्यासाठी एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द होता. तो एका चिठ्ठीवर लिहून कार्यालयातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. ज्याला सूचना टाकायची असेल त्याने कपाट उघडावे, शब्द पाहावा आणि सूचना टाकावी. सोय चांगली होती.

एके वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख संकेतस्थळावर २५ ऐवजी २८ अशी लागली. दोन मुलांचे पालक २६ तारखेला कागदपत्रे घेऊन शाळेत आले. त्यांचे अर्ज राहिले. सूचना पहिल्यांदा टाकली तेव्हा तारीख बरोबर होती, हे फलकावर लावलेल्या छापील प्रतीवरून दिसत होते. म्हणजे नंतर कोणीतरी ती बदलली होती. कोणी? यंत्रणेतली नोंद उघडून पाहिली, तर प्रत्येक बदलापुढे एकच नाव : 'ॲडमिन'. शाळेतली वीसेक माणसे ॲडमिन होती! पुढचे आठ-दहा दिवस नव्याने लागलेल्या एका लिपिकाकडे सगळे संशयाने पाहत होते. त्यांनी ते केले होते असे कोणालाच सिद्ध करता येत नव्हते, आणि नव्हते केले असे त्यांनाही सिद्ध करता येत नव्हते.

त्याच सुमाराला आमच्यातल्या एका सहकाऱ्याच्या शेताचा फेरफार होता, म्हणून वैजापूरच्या तहसील कार्यालयात जाणे झाले. तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. जो प्रश्न आमच्या शाळेला पडला होता, त्याच प्रश्नाशी महसूल खाते पिढ्यान्‌पिढ्या झगडत आले आहे. एक नोंद आहे. ती अनेकांच्या उपयोगाची आहे. तीत बदल तर करावेच लागतात. मग बदल लिहायचा कोणी, तो खरा मानायचा कोणी आणि चुकला तर दुरुस्त करायचा कोणी?

शिक्का आणि मोर्तब

'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण सहज वापरतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवकालीन राजपत्रांवर वरच्या बाजूला मुद्रा, म्हणजे शिक्का असे. हे पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले ते त्यावरून कळे. पत्राच्या शेवटी दुसरी, लहान मुद्रा असे. तिला मोर्तब म्हणत. मजकूर इथे संपला, याच्या पुढे लिहिलेले काही आमचे नव्हे, असा तिचा अर्थ. पेशवाईतल्या कागदांवर तर या शेवटच्या शिक्क्यात 'लेखनसीमा' असाच शब्द आढळतो. कागदाच्या तळाशी उरलेल्या कोऱ्या जागेत कोणी दोन ओळी घुसडू नयेत, यासाठी केलेली ही साधी तजवीज होती.

इ.स. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची कामे ठरवून देण्यात आली. त्यांत सचिवाचे काम मोठे लक्षणीय आहे. राजपत्रे तपासायची, त्यांतली कमीजास्त अक्षरे शुद्ध करायची आणि संमतीची खूण करायची. पत्र लिहिणारा चिटणीस वेगळा, तपासणारा सचिव वेगळा आणि ज्याच्या नावाने पत्र निघते तो राजा आणखी वेगळा. आजच्या भाषेत सांगायचे तर लेखक, संपादक आणि प्रकाशक ही तीन कामे इथे तीन माणसांकडे होती.

गावपातळीवरही तेच. गावच्या निवाड्याचा कागद कुलकर्णी लिही. पाटील त्याखाली नांगराची निशाणी करी. पाटलाला लिहिता येत नसले तरी त्याच्या निशाणीशिवाय कुलकर्ण्याचा कागद पुरा होत नसे. आणि कुलकर्णी लिहिल्याशिवाय पाटलाला निशाणी करायला कागदच नसे.

गोदावरीचे दोन काठ

आता वैजापूरकडे येऊ. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते. नदीच्या पलीकडे आजचा अहिल्यानगर जिल्हा. १९४८ पर्यंत तो ब्रिटिशांच्या आणि मग स्वतंत्र भारताच्या मुंबई प्रांतात होता. अलीकडे, म्हणजे वैजापूरच्या बाजूला, निजामाचे हैदराबाद संस्थान. नदी एक, माती तीच, दोन्ही काठांवरची माणसे मराठी बोलणारी आणि बरेचदा एकमेकांचे सोयरे. पण जमिनीची नोंद ठेवण्याची तऱ्हा मात्र वेगळी.

पलीकडे मुंबई सरकारने १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा केला. कोणाचा जमिनीवर कोणता हक्क आहे याची नोंदवही गावोगाव तयार होऊ लागली. तिच्यातूनच पुढे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ असे दोन नमुने एकत्र असलेला 'सातबारा' घरोघरी माहीत झाला. अलीकडे हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे इ.स. १९०७-०८ चा. गावात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी. वर गिर्दावर, तहसीलदार आणि जिल्ह्याला अव्वल तालुकदार. हक्कनोंदणीचा स्वतंत्र नियम मात्र हैदराबादेत १३५८ फसलीत, इ.स. १९४८-४९ च्या सुमाराला आला. आजही मराठवाड्यात जमिनीचा जुना पुरावा म्हणून १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मागितले जाते, ते या उशिरामुळेच.

पटवारी वंशपरंपरेने असे. दप्तर तोच लिही, तोच सांभाळी आणि नक्कलही त्याच्याकडूनच मिळे. वरिष्ठ कचेऱ्यांचा कारभार उर्दूत, गावचे दप्तर बरेचसे मोडीत. शेतकऱ्याला स्वतःची नोंद पाहायला कोणी मना केली नसेल, पण पाहून त्याला काय वाचता येणार? परवानगी असणे आणि ती वापरता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इथे ध्यानात ठेवू. आणखी एक. लिहिणे, सांभाळणे आणि नक्कल देणे ही तिन्ही कामे एकाच हाती असली, तर तो माणूस कितीही सज्जन असो, त्याची चूक पकडणारे दुसरे कोणी उरत नाही. आमच्या शाळेतला 'ॲडमिन' याच जातीचा. फरक एवढाच, की पटवारी एक होता आणि ॲडमिन वीस.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली आणि गोदावरीच्या दोन्ही काठांना एकच नियम आला.

फेरफार : एक नोंद, अनेक हात

या संहितेत नोंद बदलण्याची जी रीत सांगितली आहे, ती आपण एका उदाहरणाने पाहू. समजा, एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला आणि त्याच्या पत्नीचे व मुलांचे नाव जमिनीला लागायचे आहे.

वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला खबर द्यायची. तलाठी ती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये लिहितो. पण त्यामुळे सातबारा लगेच बदलत नाही. नोंदीची प्रत चावडीवर लावायची. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्यायची. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत. हरकत आलीच, तर ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि तिची सुनावणी होते. त्यानंतर मंडल अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना 'सर्कल' म्हणतो ते, कागद तपासून नोंद प्रमाणित करतात किंवा रद्द करतात. प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यावर नवे नाव चढते. निर्णय मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील.

जुने नाव मात्र खोडले जात नाही. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. त्या क्रमांकावरून कोणीही मागे जाऊन पाहू शकतो, की हे नाव कधी आणि कशाच्या आधारे बदलले, कोणी लिहिले व कोणी प्रमाणित केले.

केवळ लिहिताना झालेली चूक, म्हणजे 'रामराव'चे 'रामराम' झाले असेल, तर ती दुरुस्त करण्याची वाट वेगळी. संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदार अशी दुरुस्ती करू शकतात. पण या वाटेने हक्क बदलता येत नाही. 'चूक सुधारणे' आणि 'मजकूर बदलणे' या दोन परवानग्या कायद्याने वेगळ्या ठेवल्या आहेत.

इथे एक गंमत लक्षात येते. तहसीलदारांचा हुद्दा तलाठ्यापेक्षा मोठा. म्हणून ते तलाठ्याच्या नोंदवहीत स्वतः फेरफार लिहितात का? नाही. मंडल अधिकारी वरिष्ठ असूनही स्वतःच लिहून स्वतःच प्रमाणित करत नाहीत. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतीच मुभा. परवानगी हुद्द्याच्या शिडीवर नव्हे, तर कामाच्या वाटणीवर ठरवलेली आहे. संगणकवाल्यांना ही गोष्ट उमगायला बराच काळ लागला. ती कशी, ते आता पाहू.

एक संगणक, अनेक माणसे

सुरुवातीच्या संगणकावर एका वेळी एकच काम चाले. त्यामुळे कोणी काय पाहावे, हा प्रश्नच नव्हता. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत करून दाखवली. आता प्रत्येकाच्या फाइली एकाच यंत्रात. त्या वेगळ्या ठेवण्यासाठी प्रत्येकाला परवलीचा शब्द मिळाला.

तो फार काळ गुप्त राहिला नाही. ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याला चारच तास संगणक मिळे. ते पुरेनात. १९६२ मध्ये त्यांनी परवलीच्या शब्दांची अख्खी फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम सुरू ठेवले. ही गोष्ट पुढे अनेक वर्षांनी त्यांनी स्वतःच सांगितली. वाईट हेतू नव्हता. मिळालेली मुभा आणि करायचे काम यांचा मेळ बसत नव्हता, एवढेच. मेळ बसला नाही की माणसे आडवाट काढतात. आमच्या शाळेतली कपाटावरची चिठ्ठी ही अशीच आडवाट होती.

त्याच यंत्रावर आणखी एक प्रसंग घडला. सगळ्यांना दिसणारा 'आजचा निरोप' आणि परवलीच्या शब्दांची फाइल या दोन गोष्टी दोन जण एकाच वेळी संपादित करत होते. मजकूर संपादित करणारा प्रोग्राम दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत होता. एका ठिकाणी एका वेळी एकच माणूस काम करील, असे तो लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले होते. परिणाम असा झाला, की त्या दिवशी जो कोणी संगणकावर आला, त्याच्यासमोर निरोपाऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द छापून आले!

यानंतरच्या मल्टिक्स या प्रणालीत प्रत्येक फाइलीबरोबर एक यादी आली : या फाइलीत कोणाला काय करता येईल. १९७० च्या सुमाराला तयार झालेल्या युनिक्समध्ये हीच कल्पना आटोपशीर केली गेली आणि लवकरच तिला आजचे रूप आले. फाइलीचा मालक, त्याचा गट आणि बाकी सगळे, असे तीन वर्ग. प्रत्येकाला वाचणे, लिहिणे आणि चालवणे, अशा तीन परवानग्या. एकूण नऊ 'हो-नाही'. म्हणजे २ चा नववा घात, ५१२ प्रकार. युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रांत ही पद्धत आजही आहे.

पण या नऊ खुणांत एक गोष्ट बसत नाही. 'लिहू दे, पण मंजूर दुसऱ्याला करू दे' हे त्यांत कसे सांगणार? तलाठ्याला लिहिण्याची मुभा द्यावी, तर त्याने थेट सातबाराच बदलला. न द्यावी, तर काम बंद. कुलूप फाइलीला होते. हवे होते कामाला.

गुपित राखणे आणि खरे राखणे

१९७५ मध्ये जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणाची काही तत्त्वे मांडली. त्यांतली दोन आपल्या उपयोगाची आहेत. पहिले : प्रत्येकाला कामाला लागेल तेवढीच मुभा द्यावी. दुसरे : महत्त्वाचे कुलूप उघडायला दोन वेगवेगळ्या हातांतल्या दोन किल्ल्या लागाव्यात. बँकेचा लॉकर आठवा. आपली किल्ली आणि बँकेची किल्ली, दोन्ही फिरल्या तरच दार उघडते.

१९८७ मध्ये डेव्हिड क्लार्क हे संगणकशास्त्रज्ञ आणि डेव्हिड विल्सन हे हिशेबतपासणीच्या क्षेत्रातले गृहस्थ यांनी मिळून एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे : आतापर्यंतचा बहुतेक विचार लष्कराच्या गरजेतून झाला आहे. लष्कराला चिंता असते, की नको त्याने वाचू नये. पण व्यापाराला, कचेरीला चिंता असते, की नको त्याने बदलू नये. पहिल्यात गुपित राखायचे असते, दुसऱ्यात नोंद खरी राखायची असते. आणि नोंद खरी राखण्याचे उपाय हिशेबनिसांना संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहेत. बदल ठरलेल्या रीतीनेच व्हावा, तो करणारा आणि तपासणारा वेगळे असावेत, आणि प्रत्येक बदलाचा माग राहावा.

चावडीवर लावलेला फेरफार, सर्कलची सही आणि जुन्या नावाचा कंस. ही तीच तीन तत्त्वे नव्हेत काय?

१९९२ मध्ये डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. परवानगी माणसाला देऊ नका, भूमिकेला द्या; आणि माणसाला भूमिका द्या. याचा फायदा साध्या गणिताने कळतो. शाळेत ३० जण आहेत आणि यंत्रणेत २० प्रकारच्या परवानग्या आहेत. प्रत्येकाचे वेगळे ठरवायचे तर ३० गुणिले २०, म्हणजे ६०० निर्णय. त्याऐवजी चार भूमिका केल्या, तर ४ गुणिले २०, म्हणजे ८०, अधिक कोणाची भूमिका कोणती याचे ३०, एकूण ११०. शिवाय एखाद्या शिक्षकाची बदली झाली, तर वीस खुणा काढत बसावे लागत नाही. भूमिका काढून घेतली की झाले. तलाठी बदलून जातो, पण 'तलाठी' हे पद गावात राहते, तसेच हे.

संकेतस्थळाचे संपादक

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जालावरची पाने पाहण्याचा पहिला प्रोग्राम बनवला, तेव्हा त्यात पाने लिहिण्याचीही सोय होती. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी 'विकी' काढले, तिथे कोणीही कोणाचेही पान बदलू शकत असे. २००१ मध्ये विकिपीडिया आणि १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथे लिहायला जवळजवळ सगळ्यांना मुभा आहे. पण पान काढून टाकणे किंवा त्याला कुलूप लावणे हे काम 'प्रचालकां'चे. आणि प्रत्येक पानाला 'इतिहास' जोडलेला असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला ते त्यात दिसते.

शाळा, संस्था, वर्तमानपत्रे यांना मात्र प्रसिद्ध होण्याआधी मजकूर तपासायचा असतो. त्यांच्यासाठी आशय-यंत्रणा आल्या. ड्रुपल २००१ मध्ये, वर्डप्रेस २००३ मध्ये. वर्डप्रेसमध्ये सुरुवातीला प्रत्येक वापरकर्त्याला ० ते १० अशी एक पायरी असे. वरच्या पायरीवरच्याला खालच्याचे सगळे करता येई आणि शिवाय आणखी काही. म्हणजे शुद्ध शिडी. डिसेंबर २००५ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत ही शिडी मोडून भूमिका आणल्या गेल्या : प्रशासक, संपादक, लेखक, योगदाता आणि सदस्य. प्रत्येक भूमिका म्हणजे बारीकबारीक मुभांचा एक जुडगा. स्वतःचे लिहिणे, ते प्रसिद्ध करणे, दुसऱ्याचे सुधारणे, प्रसिद्ध झालेले बदलणे, चित्र चढवणे, अशा प्रत्येक गोष्टीची वेगळी किल्ली.

तयार जुडगे सगळ्यांना बसतीलच असे नाही. आमच्या शाळेत विज्ञान मंडळाच्या मुलांनी प्रयोगांची वर्णने लिहावीत आणि शिक्षकांनी ती तपासून प्रसिद्ध करावीत, असे ठरले. त्यासाठी 'योगदाता' ही भूमिका योग्य. त्याला लिहिता येते, प्रसिद्ध करता येत नाही. पण या भूमिकेला चित्र चढवण्याची किल्ली नसते. प्रयोगाच्या फोटोशिवाय वर्णन कसले? मग सोपा उपाय म्हणून मुलांना 'लेखक' करण्याची सूचना आली. चित्राचा प्रश्न सुटला असता, पण त्याबरोबर प्रसिद्ध करण्याची किल्लीही मुलांच्या हाती गेली असती आणि तपासणी उडाली असती.

योग्य उपाय तिसराच होता. 'योगदाता' या जुडग्यात चित्र चढवण्याची तेवढी एक किल्ली घालायची, बाकी काही नाही. हे करता येते. ड्रुपलमध्ये तर एक तक्ताच समोर येतो : वर भूमिका, डाव्या बाजूला परवानग्या आणि मधल्या चौकटींत बरोबरच्या खुणा. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी एखादे पूरक साधन जोडावे लागते. पण खरा प्रश्न यंत्रातल्या चौकटींचा नाही. कोणते काम कोण करतो हे आधी कागदावर ठरलेले नसेल, तर खुणा कुठे करणार?

सातबारा संगणकावर

आपल्या देशात भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातला वर्धा त्यांत होता. कर्नाटकने २००१ च्या सुमाराला 'भूमी' प्रकल्पात कर्मचाऱ्यांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. 'माझा परवलीचा शब्द कोणीतरी वापरला' असे म्हणायला जागा राहू नये, हा हेतू. महाराष्ट्रात ई-फेरफार आले. त्यात तलाठ्याचा प्रवेश वेगळा, मंडल अधिकाऱ्यांचा वेगळा. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. कागदावरची वाटणी यंत्रात तशीच उतरली.

मधला एक टप्पा मात्र बिकट होता. हस्तलिखित सातबारे संगणकात भरताना असंख्य चुका राहिल्या. प्रत्येक चुकीसाठी फेरफार करायचा तर काम कधीच संपले नसते. म्हणून दुरुस्तीची एक खास सोय उघडण्यात आली आणि हस्तलिखिताशी ताळमेळ झाल्यावर ती बंद करण्यात आली. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. सातबारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा आणि लोकांनी चुका सांगायच्या. मोठी मुभा द्यावीच लागली तर ती मुदतीपुरती असावी आणि त्या काळात तपासणारे डोळे जास्त असावेत, हा धडा यातून घेता येतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी गाव नमुना १२ मधली पिकांची नोंद तलाठीच करत. आता शेतकऱ्याने शेतात उभे राहून फोनवर फोटो काढायचा आणि पीक स्वतः नोंदवायचे. तपासणीचे काम महसूल खात्याकडे राहिले. पटवाऱ्याच्या दप्तराकडे नुसते पाहणाऱ्याच्या नातवाला त्याच नोंदीत एका रकान्यापुरती लिहिण्याची मुभा मिळाली. मालकाचे नाव असलेल्या नमुना ७ मध्ये अर्थातच नाही.

आपल्या शाळेत

हे सगळे शिक्षकांना अपरिचित नाही. जनरल रजिस्टरातली जन्मतारीख कोणी मनाने बदलू शकत नाही; त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. सरल प्रणालीत नवी शाळा विनंती पाठवते आणि जुन्या शाळेने होकार दिल्यावर विद्यार्थी तिकडे जातो. हेच वर्गात करून पाहता येईल. फळ्यावर तक्ता काढा. डाव्या बाजूला पोषण आहाराची कामे : धान्य मोजणे, साठा नोंदवणे, सही करणे, चूक सुधारणे, नोंदवही पाहणे. वरच्या बाजूला माणसे. कोणत्या चौकटीत खूण करायची, ते मुलांना ठरवू द्या. मग विचारा : एकाच माणसाकडे कोणत्या दोन खुणा एकत्र असू नयेत? का?

आमच्या शाळेत आम्ही कपाटावरची चिठ्ठी फाडली. प्रत्येकाला स्वतःचे नाव दिले. चार भूमिका केल्या : मुले लिहितात आणि चित्रे चढवतात, शिक्षक आपापल्या विषयाचे लिहितात, दोन संपादक तपासून प्रसिद्ध करतात, आणि सूचनेतली तारीख किंवा रक्कम बदलायची असेल, तर ती लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी मंजूर करावी लागते. मुख्याध्यापकांना सुरुवातीला वाटले, की सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडेच असाव्यात. तहसीलदार फेरफार लिहीत नाहीत, हे बोलणे झाल्यावर ते हसले आणि त्यांनी मंजुरीची तेवढी किल्ली घेतली. सर्वाधिकाराचा परवलीचा शब्द बंद पाकिटात तिजोरीत गेला.

पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्याच सूचनेत पुन्हा तारीख चुकली. मंजुरीच्या वेळी मुख्याध्यापकांनी ती पकडली. लिहिणाऱ्याचे नाव पाहिले, तर ते आमच्यापैकीच एकाचे होते. पाच मिनिटांत तारीख दुरुस्त झाली. कोणी कोणाकडे संशयाने पाहिले नाही.

त्या आधीच्या वर्षीची तारीख कोणी बदलली, ते मात्र आजतागायत कळलेले नाही. ते लिपिक आता दुसऱ्या शाळेत आहेत.